दोरीपलीकडचे कटले

"वैजे, टोक घट्ट धर. सोडलंस तर बघ मग."

आप्पा शेततळ्याच्या बांधावर धोतर खोचून उभे होते आणि पाण्यावर दोरी ताणत होते. दोरीला हातहातभर अंतरावर तेलाचे रिकामे कॅन बांधलेले. पिवळे, पाच लिटरवाले. कॅन तरंगतील, दोरी वर राहील आणि तळ्याचे सरळ दोन भाग होतील, असा त्यांचा हिशोब. अलीकडचं पाणी आमचं, पलीकडचं तात्यांचं.

"आप्पा, पाण्याला कुठं हद्द कळते?"

"माणसाला कळती ना? मग झालं."

पलीकडच्या बांधावर तात्या उकिडवे बसून तंबाखू मळत होते. तात्या म्हणजे आप्पांचे थोरले सख्खे भाऊ. त्यांनी तंबाखू झाडली आणि आभाळाकडं बघून म्हणाले, "दोरी हातभर माझ्या अंगाला सरकलीया. कुणाला ऐकू येत असंल तर ऐकावं."

आप्पा माझ्याकडं वळले. "वैजे, सांग. दोरी सरळ हाय. बघणाराची मान वाकडी हाय."

मी काय सांगणार! दोघांमध्ये एका तळ्याचं अंतर, दोघांचे कान शाबूत. पण तीन वर्षं हे असंच चाललं होतं. एकमेकांशी बोलायचं नाही आणि एकमेकांना ऐकवल्याशिवाय राहायचं नाही. कधी म्हशीला सांगायचं, कधी भिंतीला, नाहीतर मला. त्यात मी म्हशीपेक्षा सोयीची, कारण निरोप पोचवायची.

जमीन सातबाऱ्यावर अजून एकत्र होती, म्हणून सरकारी योजनेतलं शेततळंही दोघांत मिळून एकच मंजूर झालं. ते बरोब्बर दोघांच्या मधल्या बांधावर खणलं. काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरला, पाणी भरलं, आणि आता त्यात मासे सोडायचे होते. उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी आमच्या वस्तीपासून जवळ, त्यामुळं मासा खाणं आम्हाला नवं नव्हतं. पाळणं मात्र नवं होतं.

आता माझं सांगते. त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं, पुढच्या वैशाखातलं. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळं चांगलं. अडलं होतं ते कन्यादानापाशी. माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली. एकट्या बापाला कन्यादान करता येत नाही, जोडपं लागतं. ते जोडपं कोण, हे सगळ्या वस्तीला न सांगता ठाऊक होतं. तात्या आणि मोठीआई. आई गेल्यावर ज्या बाईनं माझ्या डोक्याला तेल लावलं, भाकरी थापायला शिकवलं, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी माझ्या हातावर पाणी सोडावं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. पण आप्पा म्हणायचे, "त्यानं यावं, म्हणावं मी करतो." आणि तात्या म्हणायचे, "त्यानं यावं, म्हणावं तू कर." आप्पांनी तर आईच्या कुठल्याशा मावसभावाला निरोपही धाडायचं ठरवलं होतं. त्या माणसाला मी एकदाच पाहिलं होतं. कानात अत्तराचा बोळा घालून तो आमच्याकडं दिवसभर झोपला होता.

दोरी बांधून झाल्यावर आप्पा हात पुसत म्हणाले, "आता तू मोठीआईकडं जा. तिकडं कुठला मासा टाकणार हायत ते काढून आण. आपण दुसराच टाकायचा. म्हंजी कुठला कुणाचा ते कळंल."

"आणि त्यांचा मासा दोरीखालून इकडं आला तर?"

आप्पांनी मिशीवरनं हात फिरवला. "आला तर आला. त्याची सोय करू."

त्या सोयीचा अर्थ मला संध्याकाळी कळला. माशांचं बी विकणारा युनूसभाई मोटारसायकलवरून आला. गडी भलताच बोलघेवडा. चहाचा कप हातात घेऊन त्यानं माशांची कुळं अशी उलगडायला घेतली की एखाद्या सोयरिकीला बसलाय असं वाटावं.

"बघा गलांडे, कटला वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या. मृगळ तळाला. तिघं एका तळ्यात सोडा, कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. गवत्या कडेचं गवत खाईल, सायप्रिनस पडेल ते खातो. चिलापी नको, तिची पोरं मोजता मोजता तुम्ही म्हातारे व्हाल. मांगूर मागू नका, त्याला बंदी आहे आणि मी विकत नाही. माझं ऐकाल तर तिघं मिसळून टाका."

"कटल्याचं नाव काढू नको," आप्पा म्हणाले. "मला सांग, दुसऱ्याचा मासा खाणारा मासा कुठला?"

युनूसभाईचा कप ओठापाशी थांबला. "मरळ. पण ती तळ्यात घालायची म्हणजे..."

"मरळ," आप्पा म्हणाले. तोंडात गुळाचा खडा धरावा तसं म्हणाले. "चव बी चांगली असती तिला."

तात्यांचे मासे आमच्या मरळीनं खाल्ले की झालं! मग ते जोडपं माझ्या मांडवात काय, माझ्या वाऱ्यालाही उभं राहिलं नसतं. मी तशीच चप्पल घालून मोठीआईकडं पळाले.

मोठीआई चुलीपुढं बसून मासळीचा मसाला वाटत होती. मी सगळं सांगितलं तशी तिचा वरवंटा थांबला.

"मरळ? अगं बया! आमच्याकडनं बी त्या युनूसला आज सकाळीच विचारलंय. दुसऱ्याचा मासा खाणारा मासा कुठला म्हणून."

आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. मग तिला हसू फुटलं आणि तिच्याबरोबर मलाही. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ते हसण्याचं की कशाचं ते कळेना.

"मोठीआई, हसतेस काय! दोघांनी मरळ टाकली तर मरळ मरळीला खाईल, आणि माझं कन्यादान तो अत्तरवाला मामा करील."

"गप. त्याला मी उंबरा ओलांडू देती व्हय?" तिनं पदरानं डोळे पुसले. "हे बघ, दोघं एकाच आईचं दूध प्यालेत. ह्यानं डावा पाय टाकला की त्यानं उजवा टाकायचा. तू जाऊन आप्पाला सांग, तात्यांनी मरळ मागवली. मी ह्यांना सांगती, भावजींनी मागवली. दोघांची मरळ आपोआप मरती का न्हाई बघ."

"आणि मग काय टाकायचं?"

"कटला."

मी दचकले. आमच्या दोन्ही घरांत कटला म्हणजे न उच्चारायचा शब्द. सगळं भांडण त्याच्याच डोक्यावरून झालं होतं.

झालं होतं असं. आई गेली त्याच वर्षीच्या आखाडात मोठीआईनं मोठा कटला रांधला होता. आमच्यात माशाचं डोकं घरातल्या थोरल्याच्या पानात पडतं, आणि कटल्याचं डोकं म्हणजे तर केवढं! आजोबा होते तोवर ते आजोबांचं, नंतर तात्यांचं. त्या दिवशी मोठीआईनं ते आप्पांच्या पानात वाढलं. तात्या मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "घे लेका सोपाना, आजच्या दिवस हो मोठा!" आप्पांनी पान सारलं. "मला कुणाच्या दयेचं डोकं नको," म्हणाले. तात्या ताडकन उठले, "अन्नाला तरी मान दे," म्हणाले. पुढं दोघं काय काय म्हणाले ते म्हशीलाही सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून अबोला.

"कटलाच कशाला गं?" मी विचारलं.

"माझं मी बघती," मोठीआई म्हणाली आणि पुन्हा वाटायला लागली.

घरी येऊन मी आप्पांना बातमी दिली. "तात्यांनी मरळ मागवलीय."

आप्पांचा चेहरा आंबट झाला. "त्यानं? मरळ? मग मी न्हाई टाकत. त्याची नक्कल करीत हिंडू व्हय?"

"आणखी म्हणत होते," मी मोठीआईनं पढवलेलं पुढं सुरू केलं, "सोपाना काय बी टाकंल, पण कटला टाकायची छाती न्हाई त्याची. त्याला कटला झेपत न्हाई, म्हणाले."

"झेपत न्हाई? मला?" आप्पा खाटेवरून उठलेच. "बोलव त्या युनूसला!"

नेमकं हेच नाटक त्याच वेळी समोरच्या घरात चाललं होतं, फक्त नावं उलटी.

श्रावणाच्या तोंडावर युनूसभाईचा टेम्पो आला. हवा भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आत पाणी, पाण्यात बोटाएवढी पिल्लं. त्यांना बोटुकली म्हणतात. अर्ध्या पिशव्या त्यानं आमच्या बांधावर उतरवल्या, अर्ध्या पलीकडच्या.

"काही लोकांच्या पिशवीत मरळ असंल तर आत्ताच सांगावं," तात्या आभाळाला म्हणाले.

"वैजे, सांग. हितं कटला हाय. कटला! झेपतो म्हणावं आम्हाला."

तात्यांच्या हातातली पिशवी कलंडली. "कटला? मग ह्यात काय हाय? युनूस!"

"कटलाच आहे की," युनूसभाई म्हणाला. "दोघांनी कटलाच मागितला. मी म्हटलं तिघं मिसळा, पण गरिबाचं ऐकतंय कोण. आता बसा, सगळे बिऱ्हाडकरू वरच्याच मजल्यावर राहायला आलेत."

तेव्हा जो गोंधळ झाला! एकमेकांशी अवाक्षर न बोलता दोन माणसं किती भांडू शकतात ते मी त्या दिवशी पाहिलं. दोघं युनूसभाईच्या अंगावर ओरडत होते आणि ऐकवत होते एकमेकांना. मोठीआई पदर तोंडाशी धरून गोठ्यामागं गेली. मला तेवढीही सोय नव्हती.

वाटणी कशी करायची हा प्रश्न शेवटी आप्पांनीच सोडवला. आमचे आजोबा, म्हणजे ह्या दोघांचे आबा, मेंढरं राखायचे. कळपात कळप मिसळले तर ओळखू यावं म्हणून कोकरांच्या कानाला कातर द्यायचे. दोघा भावांनी लहानपणी हे काम केलेलं. आप्पा म्हणाले, "वैजे, सांग. माशाला कान न्हाई, पण पर हाय. आम्ही उजवा पर कातरतो."

"थोरल्याचा मान डावा," तात्या आभाळाला म्हणाले. "आबांची खूण डावीच होती."

आणि ते दोघं खरंच बसले हो! दोन बांधांवर दोन परातींत पाणी, हातात नखं कापायची कात्री, एकेक पिल्लू ओल्या फडक्यात धरायचं, कल्ल्यामागचा पर चिमूटभर कापायचा आणि दोरीच्या आपल्या बाजूला सोडायचं. दुपार टळली तरी चाललेलं. युनूसभाई कपाळाला हात लावून टेम्पोच्या सावलीत बसला. "इतकी वर्षं धंदा करतोय," तो मला म्हणाला, "माशाची हजामत पहिल्यांदाच बघतोय."

मासे दोरीखालून त्याच संध्याकाळी इकडचे तिकडं झाले. कटला वरच्या पाण्यात फिरणारा, त्यामुळं ते उघड दिसायचं आणि दोघांचाही जळफळाट व्हायचा. तात्या शेंगदाण्याची पेंड टाकायचे तेव्हा सगळी झुंड तिकडं. मग आप्पांनी पेंडीत भाताचा कोंडा मिसळून टाकायला सुरुवात केली, झुंड इकडं. तात्यांनी गूळ घातला. ह्या चढाओढीत मासे असे माजले की दिवाळीला त्यांची पाठ पाण्याबाहेर दिसायला लागली. कन्यादानाचं मात्र तसूभर पुढं सरकलं नव्हतं. साखरपुड्याला तात्या आले, आहेर ठेवला, आभाळाला नमस्कार घातला आणि गेले. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "त्या मावसभावाला फोन लाव उद्या."

मी लावला नाही. रोज उद्यावर ढकलत राहिले.

चैत्रात पाणी उतरलं आणि मासे काढायची वेळ आली. युनूसभाई लांबलचक ओढजाळं घेऊन आला, सोबत दोन माणसं. जाळ्याचं एक टोक एका बांधावरून ओढायचं, दुसरं दुसऱ्या बांधावरून, आणि दोघांनी बरोबरीनं चालायचं. आप्पा म्हणाले, "माझ्या बाजूचं मी ओढणार. परक्याचा भरवसा न्हाई." तात्यांनीही न बोलता पलीकडचं टोक त्या माणसाच्या हातून काढून घेतलं.

पहिल्या खेपेला तात्या पुढं गेले. जाळं तिरकं झालं आणि चार-पाच सोडले तर सगळे मासे आप्पांच्या बाजूनं निसटले.

"काही लोकांना लईच घाई," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला आप्पांनी जोर केला, तर तात्यांच्या बाजूचं निसटलं. युनूसभाई मधे उभा राहून ओरडत होता, "अरे पाय मिळवा! पाय मिळवा!" पण ह्यांचा पाय मिळणार कसा, मिळवायचा तर एकानं थांब म्हणायला हवं आणि दुसऱ्यानं ऐकायला.

तिसऱ्या खेपेला जाळं जड झालं. पाणी उसळायला लागलं. तात्या वाकून ओढत होते आणि त्यांच्या पायाशी जाळ्याचं बूड उचललं जात होतं. आप्पांनी ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तात्या, थांब की रं! बूड उचललंया!"

सगळे गपकन थांबले. मोठीआई खोपीच्या दारात उभी होती, तिच्या हातातला पळा तसाच राहिला. तात्या आप्पांकडं बघत होते, आभाळाकडं नाही.

"थांबलो," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "बूड दाबलं. आता ओढ, सोपाना. दमानं."

जाळं काठाला लागलं तेव्हा आत नुसती चांदी उसळत होती. मांडीएवढाले कटले. दोघं भाऊ चिखलात गुडघे टेकून बसले आणि एकेक मासा उचलून पर बघायला लागले. डावा बघितला, उजवा बघितला. दुसरा उचलला. तिसरा उचलला.

"सोपाना," तात्या म्हणाले, "पर उगवलं की रं!"

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. डावं बी, उजवं बी."

आप्पांच्या हातातला मासा शेपटी आपटत होता. "आबांनी कातरलेला कान कवा उगवला न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका प्रामाणिक अचंबा होता की तात्या हसले. तेच हसणं, मोठ्यानं, तीन वर्षांपूर्वीचं. मी डोळे मिटून घेतले. आता आप्पा उठतील आणि घरी चालायला लागतील.

"वाटणी मागनं करा," खोपीतून मोठीआईचा आवाज आला. "आधी जेवायला या. दोघं बी."

पहिल्या खेपेला हाती लागलेले चार-पाच कटले तिनं केव्हाच चुलीवर चढवले होते. खोपीत चार पानं मांडली. दोघं भाऊ समोरासमोर बसले. आता डोकं कुणाच्या पानात पडतं तेच दोघं बघत होते, आणि खरं सांगायचं तर मीही.

मोठीआईनं पातेलं मधोमध आदळलं आणि झाकण काढलं. आत नुसती डोकी होती. लालभडक रश्शात एकाला एक खेटून डोकी, दुसरा एक तुकडा म्हणून नाही.

"घ्या," ती म्हणाली. "किती मान पायजे तेवढा घ्या. अजून लागला तर तळं भरलंया."

कुणी हात पुढं केला नाही.

"आणि भावजी, एक ऐका. त्या दिशी तुमच्या पानात डोकं मी माझ्या मनानं वाढलं न्हवतं. ह्यांनी सकाळी चुलीपाशी येऊन सांगितलं, सोपाना चार महिनं धड जेवला न्हाई, आज माझं डोकं त्याला वाढ. आणि बोललीस तर माझ्या गळ्याची आण, असं बी म्हणाले. आज मी आण मोडली. काय व्हायचं ते हूं दे ह्यांच्या गळ्याला."

तात्यांनी नकळत गळ्याला हात लावला.

आप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. "मग हसलास कशाला त्या दिशी?"

"तुझं तोंड बघून रडू यायला लागलं हुतं," तात्या पानाकडं बघत म्हणाले. "एवढ्या लोकांत रडू का? हसलो."

आप्पांनी नाक ओढलं. मग पातेल्यातलं सगळ्यात मोठं डोकं निवडून तात्यांच्या पानात ठेवलं, आणि सवयीनं आभाळाकडं बघून म्हणाले, "कुणीतरी पोरीचं कन्यादान करावं म्हणतो मी."

"कुणीतरी इकडं बघून म्हणलं तर करू की," तात्या आभाळाला म्हणाले.

आप्पांची मान हळूहळू खाली आली. "तात्या, वैजीचं कन्यादान कर. तू आणि वैनी."

"मग काय त्या अत्तरवाल्याला करू देतो व्हय?" तात्या म्हणाले आणि डोकं दोन्ही हातांनी उचललं. मी घाईनं भला मोठा घास घेतला. मोठीआई माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "काटा बघून खा गं, नवरी हाईस."

लग्न झालं. मोठीआईनं आणि तात्यांनी माझ्या हातावर पाणी सोडलं, आणि आप्पा मागं उभे राहून लहान पोरासारखे रडले. त्या आधी सकाळी मांडवाला दोरी कमी पडली होती. आप्पा कुणाला न सांगता तळ्यावर गेले आणि तिथली सोडून घेऊन आले. गडबडीत कॅन काढायचे राहिले.

लग्नाच्या फोटोत ते अजून दिसतं. आम्ही नवरानवरी, मागं तात्या आणि मोठीआई, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाच लिटरचा पिवळा कॅन लोंबतोय. माझ्या सासऱ्यांनी त्या दिवशी जेवताना विचारलंही होतं, "व्याही, मांडवात हे कॅन कशाचे?"

आप्पांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी घास चावून पुरा केला.

"आमच्यात तशी पद्धत हाय," तात्या म्हणाले.

"आजोबापास्नं," आप्पा म्हणाले आणि भावाच्या पानात जिलेबी वाढली.